धरण उशाला

थोरल्या चुलतभावाला आम्ही सगळे दादा म्हणतो. तीन वर्षांपूर्वी भातकापणीच्या दिवसांत एका सकाळी आठच्या सुमारास तो माझ्या ओसरीवर येऊन बसला आणि म्हणाला, "मास्तर, पहाटंपासनं छातीत भरून आल्यागत हुतंय. डावा हात बी जड झालाय." वयानं माझ्याहून पाच वर्षांनी मोठा, पण मी शाळेत लागलो तेव्हापासून त्याच्या तोंडी मी मास्तर. विज्ञान शिकवतो म्हणजे याला कळत असणार, या भरवशावर तो दवाखाना सोडून माझ्याकडे आला होता.

"काल काय केलंस?" मी विचारलं.

"काय करनार? वरल्या खाचरातनं भाताचे भारे आनले. सात-आठ खेपा झाल्या."

मला हसू आलं. डोक्यावर भारा घेऊन सात-आठ वेळा टेप चढणाऱ्या-उतरणाऱ्या माणसाचं हृदय बिघडलेलं असूच शकत नाही, असं मी त्याला पटवून दिलं. ओवा आणि काळं मीठ दिलं, पाण्यात खायचा सोडा दिला. "पित्त आहे, गॅस वर चढलाय. पडून राहा." मास्तरनं सांगितलं म्हणून तो घरी जाऊन पडला. दुपारी चारला वहिनीनं नातवाला पळत पाठवलं. गेलो तर दादाचं बनियन पिळून काढावं इतकं घामानं भिजलेलं आणि ओठांचा रंग गेलेला. मेढ्याच्या सरकारी दवाखान्यात ईसीजीची पट्टी काढली, एकशेआठची गाडी आली आणि आम्ही साताऱ्याच्या रस्त्याला लागलो. पहाटेपासूनचे तास तर गेलेच होते. पण सकाळच्या आठपासून दुपारच्या चारपर्यंतचे आठ तास माझे होते.

माझं मत कुठून आलं होतं, ते आधी सांगतो. निव्वळ अडाणीपणा असता तर एक वेळ बरं होतं.

माझे वडील परळला गिरणीत होते. १९६८ च्या शिमग्याला ते गावी आले आणि सांगू लागले, की केईएममध्ये एका माणसाचं हृदय काढून दुसऱ्याला बसवलं. डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी त्या फेब्रुवारीत ती शस्त्रक्रिया केली होती. दक्षिण आफ्रिकेत बर्नार्ड यांनी जगातली पहिली केली, त्याला तीन महिनेही झाले नव्हते. रोगी काही तासच जगला. मी दहा वर्षांचा होतो. मला एकच प्रश्न पडला, की तो माणूस जागा झाल्यावर त्याला आठवण कुणाच्या आईची येणार? वडिलांनी उत्तर दिलं नाही, पण हृदय हा माझा आवडता धडा झाला तो तिथून.

पुढे तीसेक वर्षं मी तो धडा शिकवला. पोरांना मैदानाला दोन फेऱ्या मारायला लावायच्या आणि मग मनगटावर बोटं ठेवून ठोके मोजायला लावायचे. मुठीएवढं, तीनेकशे ग्रॅमचं स्नायूचं गाठोडं. दर ठोक्याला साधारण सत्तर मिलिलिटर रक्त, मिनिटाला पाच लिटर, दिवसाला सात हजार लिटरच्या वर. फळ्यावर गुणाकार झाला की पोरं 'टँकर!' म्हणून ओरडायची. मग मी हार्वेकडे वळायचो. १६२८ साली या इंग्रज वैद्यानं असाच हिशोब मांडला. अन्नापासून यकृतात रक्त तयार होतं आणि अंगात जिरून जातं, असं तोवर लोक मानत. हार्वे म्हणाला, हृदय अर्ध्या तासात जेवढं रक्त ढकलतं, तेवढं सगळ्या शरीरात मिळून नसतं, म्हणजे तेच रक्त फिरून परत येत असलं पाहिजे. साध्या गुणाकारानं हजार-दीड हजार वर्षांची समजूत पाडली, हे सांगताना मला स्फुरण चढायचं. गुणाकार चुकला नाही की माणूस चुकत नाही, असंच मला वाटत असावं.

माझं दुसरं हत्यार होतं लंडनच्या बसचं. जेरी मॉरिस नावाच्या डॉक्टरनं १९५३ साली दाखवून दिलं, की तिथल्या दुमजली बसमध्ये दिवसभर बसून राहणाऱ्या ड्रायव्हरपेक्षा जिने चढणाऱ्या-उतरणाऱ्या कंडक्टरांना हृदयविकार कमी होतो. हे वाचल्यापासून मेढा आगारातला प्रत्येक कंडक्टर मला अमर वाटायला लागला. आमची तर सगळी जावळीच कंडक्टर! रोज चढ, रोज उतार, नाचणीची भाकरी, बंगल्यातलं सुख कुणालाच नाही. अटॅक यायचा तो मुंबईला माथाडीत गेलेल्यांना, वाशीच्या मार्केटात वडापाववर दिवस काढणाऱ्यांना. २००३ साली डॉ. नितू मांडके हृदयविकारानं गेले, तेव्हाही मी चावडीजवळ उभं राहून सांगत होतो, की बघा, दुसऱ्याची हृदयं शिवणाऱ्यालाही शहरानं सोडलं नाही.

मॉरिस 'कमी' म्हणाले होते, मी 'नाही' असं ऐकलं. गणित येणाऱ्या माणसानं ही चूक करावी! शंभरातल्या किती जणांना होतं, हा आकडा ओसरीवर येऊन बसलेल्या एकाला होतंय की नाही, हे सांगत नाही. शिवाय दादा चाळीस वर्षं बिडी ओढत होता, तो आकडा मी कधी मांडलाच नाही. 'तंबाखूनं तोंड बिघडतं, छाती नाही,' असं मीच म्हणायचो. वहिनी आजही सकाळ-संध्याकाळ मिश्री लावते. तीही तंबाखूच, पण आमच्याकडे बायकांच्या मिश्रीला कुणी व्यसन म्हणत नाही.

साताऱ्यात दादाला आत नेल्यावर मी तिथल्या तरुण डॉक्टरांशी चक्क वाद घातला. "काल हा माणूस ओझं घेऊन डोंगर चढला. नळी तुंबलेली असती तर कालच दम लागला असता." त्यांनी पडद्यावर दादाच्या हृदयाचं चित्र दाखवलं. पुढची मोठी नळी झाडाची फांदी मोडावी तशी मध्येच संपली होती. ते म्हणाले, "गुरुजी, तुम्ही नळाच्या पाइपात क्षार साचतात तसं समजताय. काहींचं तसं होतं, चढ चढताना छाती दुखते, थांबलं की राहते. पण काका काल चालत होते ते खरं, आणि आज नळी बंद झाली तेही खरं."

त्यांनी मला समजावलं, ते मी घरी येऊन पुस्तकांत पडताळून पाहिलं. चरबीचा थर नळीच्या पोकळीत नव्हे, तिच्या भिंतीत साचतो. वर पातळ पापुद्रा असतो. रक्ताला पुढे जायला जागा भरपूर राहते, म्हणून माणसाला काही कळत नाही. मग एखाद्या दिवशी, बऱ्याचदा पहाटे, तो पापुद्रा फाटतो. विळा लागल्यावर बोटाचं रक्त जसं गोठतं, तसं रक्त तिथं गोठायला लागतं, कारण रक्ताला वाटतं जखम झाली. बोटावर जी गाठ जीव वाचवते, तीच दोन-तीन मिलिमीटरच्या नळीत जीव घेते. घडायला काही मिनिटं पुरतात. म्हणजे आदल्या दिवशीच्या सात-आठ खेपा हा माझा सगळा पुरावा फक्त आदल्या दिवसाचा होता. आणि बिडीचा धूर नळीचं अस्तरही खराब करतो आणि रक्ताची गोठण्याची खोडही वाढवतो.

आणखी एक गोष्ट मी तीस वर्षं फळ्यावर काढली आणि तिच्याकडे पाहिलंच नाही. हृदयाच्या चार कप्प्यांतून दिवसाला सात हजार लिटर रक्त जातं, पण त्याच्या जाड स्नायूला त्या कप्प्यांतलं रक्त जवळजवळ मिळतच नाही. महाधमनीच्या मुळाशी दोन बारीक नळ्या फुटतात, त्या बाहेरून वळसा घालून स्नायूत शिरतात, आणि बाहेर टाकलेल्या रक्ताच्या विसाव्या हिश्श्यावर हृदय भागवतं. त्यातही आकुंचन पावताना ते स्वतःच्याच नळ्या दाबतं, त्यामुळे डाव्या बाजूचं खाणंपिणं मुख्यतः दोन ठोक्यांमधल्या विसाव्यात होतं. नाडी फार धावली की विसावा आखडतो, म्हणजे काम वाढतं तेव्हाच जेवायला वेळ कमी. आमच्या तालुक्याची पश्चिमेची बाजू बामणोलीकडे कोयनेच्या जलाशयाला टेकली आहे. शिवसागर समोर पसरलेला आणि उन्हाळ्यात काठावरच्या वाडीत हंडा रिकामा, हे ज्यानं पाहिलंय त्याला 'धरण उशाला, कोरड घशाला' ही म्हण समजावून सांगावी लागत नाही. छातीतही तेच. वर्गात मी ही म्हण वापरली असती तर पोरांना धडा जन्मभर लक्षात राहिला असता. मलाही.

नळी बंद झाल्यावर स्नायू अर्ध्या-पाऊण तासात मरायला लागतो. सहा तासांत बराचसा जातो. बारा तासांपर्यंत काही ना काही वाचवता येतं, म्हणून डॉक्टरांनी हात टेकले नाहीत. फुगा फुगवून नळी उघडली, आत जाळी बसवली. पण जो भाग मेला तो मेला. हृदयाचा स्नायू बोटाच्या जखमेसारखा भरून येत नाही, तिथं व्रण राहतो आणि व्रण आकुंचन पावत नाही.

एक गोष्ट सांगायला मला लाज वाटते. ओवा दिला त्या सकाळी माझ्या फडताळात डोकेदुखीसाठी आणलेलं ॲस्पिरिनचं पाकीट होतं. १९८८ साली सतरा हजारांवर रुग्णांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. अटॅकनंतर लगेच ॲस्पिरिन सुरू करून महिनाभर दिली, तेव्हा पाच आठवड्यांतले मृत्यू जवळपास पावपट कमी झाले. गाठ विरघळवणाऱ्या इंजेक्शनसोबत दिली तर चाळीस टक्क्यांहून जास्त. गोळी सगळ्यांनाच चालत नाही, ती फोनवर डॉक्टरांना विचारूनच चावायला द्यावी. पण विचारायला फोन तर करावा लागतो! मी फोनच केला नाही.

मत बदललं म्हणजे मी आता सगळंच उलटं बोलतो असं नाही. जाळ्या बसवण्याच्या धंद्याविषयी मी पूर्वी फार कडवट बोलायचो. २०१७ च्या फेब्रुवारीत सरकारनं जाळ्यांच्या किमतीला लगाम घातला आणि औषध लावलेली जाळी तीस हजारांच्या आत आणली, तेव्हा मी शाळेच्या जुन्या सहकाऱ्यांना जिलेबी चारली होती. ते मत थोडं टिकलंय. केवळ चढावर दुखतं, थांबलं की राहतं, अशा स्थिर दुखण्यात औषधांच्या जोडीला जाळी बसवल्यानं आयुष्य वाढतं असं दिसलेलं नाही. २००७ च्या आणि २०२० च्या मोठ्या चाचण्यांत हेच आलं, दुखणं मात्र कमी होतं. पण अटॅक चालू असताना तीच जाळी जीव आणि स्नायू दोन्ही वाचवते. मी दोन्हींना एकाच तोंडानं लूट म्हणत होतो. दादाच्या घरात जाळीची धास्ती होती, ती माझ्याच बोलण्यातून गेलेली होती, हे वहिनीनं मला नंतर सांगितलं. रागानं नाही सांगितलं, त्यामुळे जास्त लागलं.

दादा वाचला. पण त्याचं पंपिंग तीस टक्के आहे. आमच्या गावात हा शब्द आता सगळ्यांना माहीत झालाय. निरोगी हृदय आत भरलेल्या रक्तातलं पंचावन्न-साठ टक्के दर ठोक्याला बाहेर टाकतं, दादाचं तीस. केळघर घाट एका दमात चढणारा माणूस ओसरीच्या तीन पायऱ्यांवर थांबतो. रात्री दोन उशा लागतात, सपाट झोपलं की जीव गुदमरतो.

यातली सगळ्यात चमत्कारिक गोष्ट मूत्रपिंडांची. त्यांच्याकडे रक्त कमी पोचतं, तेव्हा त्यांना वाटतं शरीरातलं पाणी आटलं किंवा रक्त वाहून गेलं. म्हणून ती मीठ आणि पाणी धरून ठेवतात. साप, वाघ, तहान यांच्याशी लढताना हे शहाणपण कामाला आलं असेल, पण इथं पंप थकलेला आणि वरून भार वाढवायचा! पाय सुजतात, छातीत पाणी उतरतं. जुनं उत्तर नव्या दुखण्याला ठामपणे द्यायचं, ही खोड माझ्या ओळखीची आहे.

म्हणून दादाला मीठ मोजून आणि लघवीची गोळी रोज. आणि रोज सकाळी वजन. डॉक्टरांनी सांगितलंय, की तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर ते मांस नाही, पाणी आहे, लगेच कळवा. निवृत्त होताना शाळेतून एक कोरी हजेरीची वही आणली होती, तीत मी ते लिहितो. दूध घालून झालं की वहिनी काटा ओसरीवर आणून ठेवते, दादा चप्पल काढून वर उभा राहतो आणि म्हणतो, "घे मास्तर, हजेरी घे."

आज अठ्ठावन्न किलो नऊशे भरलं. काल अठ्ठावन्न दोनशे होतं.

"काल रात्री काय खाल्लंस?"

"काय न्हाई. भाकरी, आमटी."

"पापड?"

"येकच."

आतून भांडी घासता घासता वहिनी ओरडली, "तीन!"

मी वहीत सातशे ग्रॅमपुढे 'तीन पापड' लिहिलं.