मामाचा डिफ लॉक आणि ब्रोशरमधला

हिंजवडी किंवा खराडीतल्या कुठल्याही ऑफिसचं पार्किंग बघा. चाकणला बनलेली एखादी व्हर्टस नाहीतर स्लाव्हिया, तीही १.५ टर्बो इंजिनवाली, उभी असणारच. मालक साधारण आपल्याच वयाचा. त्याला पॉवर विचारा, झोपेतून उठूनही सांगेल... १५० पीएस! टॉर्क? २५० एनएम! पण ब्रोशरच्या तळाशी ‘इलेक्ट्रॉनिक डिफरन्शियल लॉक’ नाहीतर ‘एक्सडीएस’ असं जे बारीक अक्षरांत छापलेलं असतं, ते काय असतं म्हणून विचारलंत, की बॉस एकदम गप्प.

माझा राहुरीचा मामा मात्र गप्प बसणार नाही. त्याने आयुष्यात कारचं ब्रोशर वाचलेलं नाही, पण डिफ लॉक त्याच्या उजव्या टाचेखाली असतो. नगर जिल्ह्यात (२०२४पासून कागदोपत्री अहिल्यानगर, बोलण्यात अजून नगरच) गळीत हंगाम सुरू झाला की हा सीन हमखास. उसाला तोड आलेली, शेताला वाफसा नाही आणि भरलेली ट्रॉली चिखलात रुतलेली. ट्रॅक्टरचं एक मागचं चाक गरगर फिरून चिखल उडवतंय, दुसरं ढिम्म! मामा टाचेने पेडल दाबतो, दोन्ही चाकं एकत्र फिरायला लागतात आणि ट्रॉली बाहेर. ‘‘बांधावर आलं की सोडायचा बरं का,’’ तो मला बजावतो, ‘‘लॉक दाबून वळवलंस तर एक्सल जाईल.’’

अख्खा डिफरन्शियल या एका वाक्यात आला. वळताना बाहेरच्या चाकाला लांबचा फेरा पडतो, म्हणून दोन्ही चाकांना वेगवेगळ्या स्पीडने फिरू द्यावं लागतं. ते काम डिफरन्शियलचं. पण साधा डिफरन्शियल भलताच समाजवादी! दोन्हीकडे टॉर्क सारखाच वाटणार. एक चाक घसरलं, की त्याला जेवढा पेलतो तेवढाच दुसऱ्यालाही.

पुढच्या चाकांवर चालणाऱ्या कारमध्ये हे जास्त जाचतं. ओढायचंही त्याच चाकांनी, वळायचंही त्यांनीच. जोरात वळताना वजन बाहेरच्या बाजूला जातं, आतलं चाक हलकं होतं आणि आपण नेमका तेव्हाच ॲक्सिलरेटर दाबलेला असतो. मग ते चाक नुसतं फिरतं आणि गाडीचं नाक वळणाच्या बाहेर सरकतं.

ब्रोशरमधला ‘लॉक’ यावर काय करतो? लॉक तर काहीच करत नाही! तो ब्रेक लावतो. निघताना एखादं चाक रिकामं फिरलं, तर त्याला हळूच चिमटा. एक्सडीएस असेल तर वळणावर आतल्या चाकालाही. अडवलेल्या चाकावर टॉर्क वाढतो, तसा तो दुसऱ्यालाही जास्त मिळतो, आणि नाक आत वळतं. नगरच्या टँक म्युझियममध्ये गेला असाल, तर तिथल्या रणगाड्यांना स्टीअरिंगने वळणारी चाकं नसतात हे पाहिलं असेल. जुने कितीतरी रणगाडे एका बाजूच्या पट्ट्याला ब्रेक लावूनच वळायचे. आयडिया काही नवी नाही. फक्त ब्रेकमध्ये ताकद जिरते, उष्णता होते, पॅड झिजतात. शहरात, घाटात पुष्कळ झालं. ट्रॅकवर लॅपमागून लॅप मारायला अपुरं.

खरी चीज वेगळी आणि तिचं नाव एलएसडी. (हसून घ्या. लिमिटेड-स्लिप डिफरन्शियल.) काहींमध्ये प्लेट्स असतात, तर होंडा सिव्हिक टाइप आरसारख्या गाडीत तिरक्या दातांचे गिअर एकमेकांत आवळतात आणि टॉर्क पकड असलेल्या चाकाकडे झुकतो. पण आतलं चाक पूर्ण हवेत गेलं, की ही गिअरवाली जात जवळपास निष्प्रभ! तिसरा प्रकार इलेक्ट्रॉनिक. डिफरन्शियल आणि एका बाजूच्या शाफ्टच्या मध्ये प्लेट्सचा क्लच बसवलेला, आणि तो किती आवळायचा हे कॉम्प्युटर ठरवणार. सरळ रस्त्यावर सैल, वळणावर घट्ट. मामाची टाचच, फक्त सेकंदाला कितीतरी वेळा दाबणारी. फोक्सवॅगनने तो २०१३मध्ये गोल्फ जीटीआयच्या परफॉर्मन्स पॅकमध्ये आणला. आपल्याकडे २०२०च्या ऑक्टाव्हिया आरएस २४५मध्ये आला. गाड्या फक्त २००, किंमत ३६ लाखांच्या घरात. २०२५मध्ये गोल्फ जीटीआय आली, ती ५३ लाखांना. म्हणजे आपल्या ईएमआयच्या टोटल बाहेर.

म्हणूनच बोनस हातात पडल्यावर माझ्या एका मित्राने स्लाव्हियात बाहेरून एलएसडी बसवायचा घाट घातला. गिअरबॉक्स उघडावा लागेल, वॉरंटीवर पाणी सोडावं लागेल, खड्ड्याखाचांत स्टीअरिंग हाताला ओढ देईल... सगळं सांगून झालं. ऐकेना. मग जुलैत त्याचीच गाडी घेऊन आम्ही भंडारदऱ्याला गेलो. घाटघरकडे जाताना एका ओल्या, चढत्या वळणावर त्याने जरा लवकर ॲक्सिलरेटर दाबला. नाक आधी बाहेर सरकलं, मग कुणीतरी आतून कानाला धरल्यासारखं परत वळणात आलं. ‘‘हे काय होतं?’’ ‘‘तुझा लॉक,’’ मी म्हटलं.

पुढच्या वळणावर मात्र दोन्ही चाकं घसरली आणि लॉकला काही करता आलं नाही. कुठल्याच डिफरन्शियलला आलं नसतं, पन्नास लाखांच्यासुद्धा. पकड असेल तर वाटायची ना! राजूरला चहा पिताना आम्ही उकिडवे बसून टायर बघितले. पुढचे दोन्ही जवळजवळ गुळगुळीत. बोनसमधून चार नवे टायर आले. एलएसडीचं कोटेशन अजून त्याच्या मेलमध्ये पडून आहे, आणि तो ते डिलीटही करत नाहीये.