भिंतीवरची लढाई

म्हैसूरला निघायच्या आदल्या दिवशी माझ्या वर्गातल्या एका मुलानं मला चित्र आणून दिलं. चौथीला शिवाजी महाराजांचा इतिहास आहे ना, त्यातली घोडखिंडीची लढाई. मोठा ड्रॉइंग पेपर, त्यावर दोन्ही हातांत शस्त्रं घेतलेले बाजीप्रभू. "बाई, घरी लावा," म्हणाला. मी पाहिलं आणि लगेच ओळखलं. त्याच्या घरच्या कॅलेंडरवर हेच चित्र होतं. "छान आहे रे, पण ही नक्कल झाली. पुढच्या वेळी मनानं काढ हं," असं म्हणून मी ते गुंडाळलं आणि घरी जाऊन कपाटामागे ठेवलं. त्याचा चेहरा एवढासा झाला होता, पण मला बॅगा भरायच्या होत्या.

तर दोस्तांनो, म्हैसूरची सहल म्हणजे राजवाडा, वृंदावन बाग आणि चंदनाचा साबण, एवढंच डोक्यात घेऊन आम्ही गेलो होतो. तिथून जेमतेम पंधरा किलोमीटरवर श्रीरंगपट्टण आहे. कावेरी नदीच्या दोन फाट्यांनी वेढलेलं बेटच ते. हैदरअली आणि टिपू सुलतानची ही राजधानी. किल्ला, देऊळ झालं आणि दुपारी आम्ही दरिया दौलत बागेत शिरलो. टिपूचा हा उन्हाळी महाल बराचसा सागवानी लाकडाचा आहे. उन्हानं रंग उडू नयेत म्हणून बाहेर मोठाले हिरवे पडदे सोडलेले. पडद्याआडच्या सावलीत डोळे स्थिरावले आणि पाहते तो काय, अख्खी भिंत माणसांनी, घोड्यांनी, हत्तींनी गच्च भरलेली!

ही पोल्लिलूरची लढाई. पोल्लिलूर हे तमिळनाडूत कांचीपुरमजवळ आहे. तिथे १० सप्टेंबर १७८० रोजी हैदर आणि टिपूनं ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेचा पार धुव्वा उडवला. इंग्रजांचा सेनापती कर्नल बेली जखमी होऊन पकडला गेला. तो इथेच, श्रीरंगपट्टणला, कैदेत मेला. टिपूनं १७८४ च्या सुमारास हा विजय भिंतीवर रंगवून घेतला.

चित्र वाचायला वेळ लागतो. लाल डगलेवाले इंग्रज शिपाई चौकोन करून उभे आहेत. मधोमध पालखीत बेली, आणि त्याचं बोट चक्क तोंडात! कारण समोर त्याची दारूगोळ्याची गाडी उडाली आहे. टिपूच्या बाजूचा एक फ्रेंच सरदार दुर्बिणीतून पाहतो आहे. आणि टिपू काय करतोय? गुलाबाचं फूल हुंगतोय! एवढी कापाकापी चाललेली असताना! चित्रकार टिपूच्या पदरचा, तेव्हा मालक तर रुबाबदारच दिसायचा. बेलीनं चित्र काढवलं असतं तर ते निराळंच झालं असतं.

"आई, आपण कुणाच्या बाजूला होतो?" आमच्या लेकीनं विचारलं. प्रश्न चांगला होता. १७८० साली नाना फडणवीस, हैदर आणि निजाम यांनी इंग्रजांविरुद्ध एकी केली होती, म्हणजे आपण टिपूच्या बाजूला. पण बाराच वर्षांनी, १७९२ मध्ये, इंग्रजांबरोबर याच श्रीरंगपट्टणला वेढा घालायला हरिपंत फडके मराठी फौज घेऊन आले होते. लेक बुचकळ्यात पडली. मोठी माणसंही पडतात. याच महालाच्या दुसऱ्या भिंतीवर निरनिराळ्या राजांचे दरबार रंगवलेले आहेत. त्यात आपले बाळाजीराव पेशवेही आहेत.

खरी गंमत पुढेच आहे. १७९९ मध्ये टिपू पडला आणि महालात राहायला आला आर्थर वेलस्ली. हाच पुढे १८१५ ला वॉटर्लूच्या लढाईत नेपोलियनला हरवणारा. तोवर चित्र बिघडलं होतं, काही भागावर चुनाही फासलेला होता. त्यानं ते दुरुस्त करवलं. पुढे ते पुन्हा पुसट झालं. तेव्हा १८५५ च्या सुमारास गव्हर्नर जनरल डलहौसीनं ते परत रंगवून घेतलं. जुनं चित्र पाहिलेल्या, आठवणीत असलेल्या एका चित्रकारानं ते काम केलं. म्हणजे आपण जे पाहतो, ती बरीचशी त्या चित्रकाराची आठवण आहे.

या भिंतीच्या हातानं रंगवलेल्या नकलाही आहेत, कागदावरच्या. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला, म्हणजे डलहौसीच्याही आधी काढलेल्या. त्यांतली एक दहा मोठ्या कागदांवर मिळून जवळजवळ बत्तीस फूट लांब आहे! आपल्या शाळेचा वर्ग पुरायचा नाही. २०२२ साली लंडनच्या लिलावात ती ६ लाख ३० हजार पौंडांना विकली गेली. ज्यांचा पराभव झाला, त्यांच्याच राजधानीत त्या पराभवाच्या चित्राला एवढा भाव! आणि आता मला सांगा, जुनं कुठलं? भिंतीवरचं की नकलेतलं? भिंतीवरचे आजचे रंग नकलेहून अलीकडचे आहेत.

मी तिथल्या सावलीत उभी होते आणि मला एकदम कपाटामागची गुंडाळी आठवली. परतीच्या गाडीत लेकीला ती गोष्ट सांगितली, तर ती म्हणाली, "आई, तू नीट पाहिलंस तरी का?"

नव्हतंच पाहिलं. घरी आल्यावर आधी ते चित्र बाहेर काढलं. बाजीप्रभू कॅलेंडरवरचेच होते, पण मागचा डोंगर? तो आमच्या गावचा, माथ्यावरच्या देवीच्या देवळासकट. खिंडीच्या तोंडाशी आमच्या शाळेजवळचं वाकडं बाभळीचं झाडही होतं. एका घोड्याला पाच पाय होते, ते लेकीनं मोजले.

शाळा उघडली त्या दिवशी मी त्याला मधल्या सुट्टीत थांबवून विचारलं, "डोंगर आपला का काढलास रे?"

"बाई, कॅलेंडरवर तिथे तारखा होत्या. डोंगर दिसतच नव्हता."

चित्र आता आमच्या बाहेरच्या खोलीत आहे. पाचवा पाय खोडायला तो येणार होता, पण मीच नको म्हटलं.