हरिपूरच्या संगमावर एक रिकामा दिवस

व्यापारी घरात वाढलेल्या माणसाला रिकामा दिवस फार जड जातो. आमचे वडील दिवाळीच्या दुपारीसुद्धा एकदा दुकानाची कुलपे ओढून पाहून येत. मी दुकान सोडून बँकेत गेलो, तेथे ३४ वर्षे नोकरी केली. परंतु ती सवय काही सुटली नाही. गेल्या जानेवारीत प्रजासत्ताक दिनाला लागून सुटी आली, तेव्हा सांगलीहून बापूचा फोन आला, "रविवारी चौघं हरिपूरला जमतोय. तूही ये." मी पुण्यातून विचारले, "कार्यक्रम काय आहे?" बापू म्हणाला, "काही नाही. नुसतं बसायचं."

आम्ही चौघे सांगलीला बी. कॉम.च्या वर्गात एका बाकावर बसणारे. पुढे बापू कापडाच्या दुकानात बसला, तात्या भांड्यांच्या, आणि आप्पाने वडिलांची हळदीची पेढी सांभाळली. मी एम. कॉम. करून बँकेत लागलो. लग्नकार्यात भेटी होत, परंतु पूर्ण दिवस एकत्र घालवल्याला कितीतरी वर्षे लोटली होती.

हरिपूर सांगलीपासून अवघ्या तीन-चार किलोमीटरवर आहे. कृष्णा आणि वारणा यांचा येथे संगम होतो. काठावर संगमेश्वराचे मंदिर आहे. श्रावणात तेथे मोठी गर्दी असते, एरवी निवांतपणा. 'शारदा' नाटकाचे कर्ते गोविंद बल्लाळ देवल १८५५ मध्ये याच गावी जन्मले. आम्ही गेलो त्या दिवशी थंडी होती. नदी संथ होती. पलीकडच्या काठाला उसाची तोड चालू होती आणि मधूनच ट्रॅक्टरचा आवाज पाण्यावरून येत होता. एका जुन्या झाडाखाली आम्ही सतरंजी पसरली.

पहिला एक तास मला कठीण गेला. दोनदा घड्याळ पाहिले, तीनदा मोबाईल. शेवटी तात्याने माझा मोबाईल काढून घेतला आणि भाकरीच्या डब्याखाली ठेवला. "हा आता तारण," तो म्हणाला, "संध्याकाळी सोडवून घे." त्यानंतर मात्र दिवस सैल झाला. हरभऱ्याचे डहाळे सोलत आम्ही जुन्या प्राध्यापकांच्या नकला केल्या. बापूच्या घरून आलेले लसूण न घातलेले भडंग केव्हा संपले ते कळले नाही. दुपारी ज्वारीच्या भाकरी, दोडक्याची भाजी, शेंगदाण्याची चटणी आणि गूळ असे जेवण झाले, आणि बापू व तात्या तिथेच आडवे होऊन घोरू लागले.

आप्पा मला म्हणाला, "चल, माझी पेवं दाखवतो."

नव्या पिढीच्या वाचकांसाठी थोडे सांगावयास हवे. सांगलीची हळदपेठ देशभर प्रसिद्ध आहे. २०१८ मध्ये सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकनही मिळाले. या हळदीची साठवण पूर्वी हरिपूर परिसरातील पेवांत होत असे. पेव म्हणजे जमिनीत खोल खणलेले कोठार. तोंड अरुंद आणि पोट रुंद. येथील मातीच अशी की तीत हळद वर्षानुवर्षे टिके, तिला कीड लागत नसे. परंतु २००५ च्या महापुरात नदीचे पाणी पेवांत शिरले आणि फार मोठे नुकसान झाले. त्यानंतर व्यापारी हळूहळू गोदामांकडे आणि शीतगृहांकडे वळले.

आप्पाच्या पेवांच्या जागी आता गवत आणि दोन बाभळी होत्या. एका ठिकाणी जमीन किंचित खचलेली दिसत होती, तेवढीच खूण. आप्पा तेथे उकिडवा बसला आणि सांगू लागला, "पेव उघडल्याबरोबर आत कोणी उतरत नसे. आतली हवा कोंडलेली असते, माणूस जायचा. तोंड उघडं करून ठेवायचं, बऱ्याच वेळानं कंदील दोरीला बांधून खाली सोडायचा. कंदील जळत राहिला, तरच हमाल उतरायचे. घाई केली त्यांनी जीव गमावले."

मी गप्प राहिलो. २००५ साली मी सांगलीच्याच शाखेत कर्ज विभाग पाहत होतो. आप्पाचे कॅश क्रेडिट खाते आमच्याकडेच होते. पूर ओसरल्यावर त्याने मर्यादा तात्पुरती वाढवून मिळावी असा अर्ज दिला. परंतु ज्या मालाच्या तारणावर ती मर्यादा होती, तो मालच कुजला होता. नियमाप्रमाणे उचल वाढवणे शक्य नव्हते, आणि तसे पत्र मी तयार केले. ते पत्र मी शिपायाच्या हाती पाठवले. आप्पाची पेढी शाखेपासून चालत दहा मिनिटांवर होती.

पुढे आप्पाने राहते घर विकले आणि शेतकऱ्यांचे व हमालांचे सारे देणे भागवले. पाच-सहा वर्षांत तो पुन्हा उभा राहिला. दरवर्षी क्षमावणीला आम्ही एकमेकांना फोन करून क्षमा मागत असू. परंतु कशाबद्दल, याचा उच्चार दोघांपैकी एकानेही कधी केला नाही. अशी क्षमा मागणे सोपे असते.

त्या खचलेल्या जमिनीशेजारी बसून मी म्हणालो, "आप्पा, ते पत्र मी स्वतः आणून द्यायला हवं होतं."

तो बराच वेळ बोलला नाही. गवताची एक काडी मोडत राहिला. मग म्हणाला, "नियम मलाही ठाऊक होता रे. तू नाही म्हणणार हे अर्ज देतानाच कळत होतं. पण तू येशील असं वाटलं होतं. दोन दिवस दुकानातला चिखल काढायचं सोडून मी दाराकडे बघत होतो."

यावर देण्यासारखे उत्तर माझ्याकडे नव्हते. "मला तुझ्या तोंडाकडे बघवलं नसतं, म्हणून आलो नाही," एवढेच मी सांगितले. ते खरे होते. आप्पा उठला, त्याने धोतराची माती झाडली आणि माझ्यापुढे हात केला. गुडघे दुखतात म्हणून मला उठायला आधार लागतो, हे त्याच्या सकाळीच ध्यानात आले असावे.

परतलो तेव्हा बापू आणि तात्या जागे झाले होते. आम्ही कुठे गेलो होतो हे कोणी विचारले नाही. थर्मासमधला चहा अजून गरम होता. सूर्यास्तापूर्वी जेवायचे म्हणून आम्ही पाचलाच आवराआवर केली. संगमाचे पाणी तांबूस दिसू लागले होते. तात्याने तारण ठेवलेला मोबाईल परत दिला. त्यावर सात फोन येऊन गेले होते, आणि त्यांतला एकही तातडीचा नव्हता.

रात्री आप्पाच्या नव्या घरी मुक्काम केला. त्याची सून म्हणाली, "काका, दिवसभर काय केलंत?" आप्पा म्हणाला, "काही नाही. नुसते बसलो होतो."

बँकेत असताना जुनी थकीत येणी वसूल करण्यासाठी आम्ही किती नोटिसा काढल्या, किती बैठका घेतल्या! आप्पाशी बोलायचे मात्र कामाच्या कोणत्याही दिवशी जमले नसते. भेटीला कारण असते तर आम्ही त्या कारणापुरतेच बोललो असतो आणि उठलो असतो. सकाळपासून डहाळे सोललेले, हसलेले, निरुद्देश बसलेले असल्यामुळेच कोंडलेली हवा थोडी मोकळी झाली होती.

आपल्या घरांत दुकान बंद ठेवण्याचे दिवस मोजकेच असतात, आणि तेही लग्नकार्यांत जातात. तरीही वर्षातून एखादा दिवस जुन्या मित्रांसाठी काढून ठेवावा आणि त्या दिवशी कोणताही कार्यक्रम आखू नये, असे मला आता वाटते. येत्या जानेवारीत आम्ही पुन्हा हरिपूरला जाणार आहोत. या वेळी कार्यक्रम काय, असे मी विचारलेले नाही.