एका खलनायकाची फाईल

सरकारी कचेरीत काही फायली अमर असतात. त्यांचा निकाल लागला असे आपण मानावे, तोच कोठून तरी एक नवे टिपण येते आणि त्या पुन्हा टेबलावर येऊन बसतात. चित्रकथांतील खलनायकांची गोष्ट मला नेहमी अशीच वाटत आली आहे. नायक त्यांना पकडतो, पोलिसांच्या हवाली करतो, वाचक सुटकेचा श्वास टाकतो. आणि पुढल्या एखाद्या अंकात ते महाशय तितक्याच टवटवीतपणे हजर!

या अमरांचा मेरुमणी म्हणजे बॅटमॅनचा हाडवैरी जोकर. १९४० साली बॅटमॅनच्या नावाने निघालेल्या पहिल्याच अंकात तो अवतरला. त्याच अंकात त्याचा शेवट करावा असा मूळ बेत होता. परंतु इतका नामी दुष्ट एका अंकात खर्ची घालणे संपादकांना मानवले नाही. घाईघाईने एका चित्राची सोय झाली आणि जोकर जगला. तेव्हापासून त्याने किती माणसे मारली याची गणती नाही. पकडला गेला की त्याची रवानगी अर्कहॅम नावाच्या वेड्यांच्या इस्पितळात होते. हे इस्पितळ कथेत १९७४ साली आले आणि आजवर त्याच्या भिंतींनी कोणाला फार काळ अडविल्याचे ऐकिवात नाही.

'मग बॅटमॅन त्याला एकदाचा मारून का टाकीत नाही?' हा प्रश्न या कथा वाचणारे प्रत्येक मूल विचारते. मोठी माणसे तो विचारीत नाहीत. त्यांना मुलांपुढे उत्तर देण्याची भीती वाटत असावी. मी मात्र तो धीर करून आमच्या शेजाऱ्यांना विचारला. दिल्लीच्या आमच्या सरकारी वसाहतीत ते वरच्या मजल्यावर राहतात. गाव गोव्यातले, बार्देशमधले, नोकरी हिशेबखात्यातली, धर्म कॅथॉलिक आणि व्यसन धर्मशास्त्राचे. रविवारी मिस्साहून परतल्यावर चहा घेता घेता त्यांनी जोकरचे प्रकरण रीतसर दाखल करून घेतले.

"प्रथम संत थॉमस अक्वायनस यांचे मत पाहू," ते म्हणाले. तेराव्या शतकातील या महापंडिताच्या मते, सडलेला अवयव जसा शरीराच्या रक्षणासाठी कापावा लागतो, तसा समाजाला घातक झालेला अपराधी दूर करणे योग्य ठरू शकते. मला वाटले, आटोपले! परंतु पुढचेच कलम आडवे आले. हा अधिकार समाजाची धुरा वाहणाऱ्या सत्तेचा. खाजगी माणसाचा नव्हे. स्वतःचा जीव वाचविताना, मारण्याचा हेतू नसता, हल्लेखोर मेला तर गोष्ट वेगळी. पण हातपाय बांधलेल्या जोकरचा गळा दाबण्याची परवानगी मुखवटा घातलेल्या एका श्रीमंत गृहस्थाला संत थॉमस देणार नाहीत. बॅटमॅन निर्दोष सुटला. आता फाईल गॉथम शहराच्या सरकारकडे गेली.

तेथे प्रारंभी तरी जोकरची धडगत दिसेना. तिसरे इनोसंट पोप यांनी १२०८ साली मान्य केले होते की, राजसत्तेने न्यायबुद्धीने, द्वेषाने नव्हे, प्राणदंड दिला तर ते महापाप नाही. पोपांच्या स्वतःच्या राज्यातही फाशी होती. रोममध्ये 'मास्त्रो तित्ता' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जल्लादाने १७९६ पासून अडुसष्ट वर्षे नोकरी केली आणि ५१६ जणांना मृत्युदंड दिला. इतकी अखंड सेवा आमच्या खात्यातही कोणाची नाही.

मग १९९५ साल उजाडले आणि दुसरे जॉन पॉल यांचे परिपत्रक निघाले. परिपत्रक म्हटले की आम्हा कारकुनांचे कान टवकारतात. त्याचा आशय असा की, समाजाचे रक्षण दुसऱ्या मार्गाने होत असेल तर गुन्हेगाराचा जीव घेऊ नये. आणि तुरुंगाची व्यवस्था सुधारल्यामुळे फाशी अटळ ठरावी अशी प्रकरणे आता फार विरळ, किंबहुना जवळजवळ उरलेलीच नाहीत. आमच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८० साली बच्चनसिंग खटल्यात 'विरळातील विरळ' अशी कसोटी लावली होती, तिची येथे आठवण व्हावी.

"पण पकडूनही जो आत राहत नाही, तोच तर हा विरळ इसम!" मी म्हणालो.

शेजारी हसले. "अहो, भिंत पडकी आहे म्हणून माणसाला फासावर द्यायचे? मग आधी बांधकाम खात्याची चौकशी लावा!"

मी निरुत्तर झालो. सरकारी नोकर असल्यामुळे अधिकच. दंड ठरायचा तो कैद्याच्या अपराधावरून, की कंत्राटदाराच्या सिमेंटवरून? शिवाय जोकर वेडा ठरलेला. पूर्ण जाणीव आणि पूर्ण संमती यांवाचून महापाप घडत नाही, हेही त्याच धर्माचे शिक्षण. अखेर २०१८ च्या ऑगस्टमध्ये पोप फ्रान्सिस यांनी धर्मशिक्षण-ग्रंथातील मजकूरच बदलला. अत्यंत घोर अपराधानंतरही माणसाची प्रतिष्ठा नष्ट होत नाही, म्हणून मृत्युदंड अग्राह्य. या विचाराचे मूळ जुने आहे. एका धर्मगुरूच्या मारेकऱ्यांना ठार करू नये, अशी विनवणी संत ऑगस्टीन यांनी पाचव्या शतकाच्या आरंभीच अधिकाऱ्याला केली होती.

तेव्हा जोकर सुटला. पण वाचकांच्या न्यायालयाचे काय? १९८८ साली प्रकाशकांनी एक विलक्षण कौल मागविला. जोकरच्या हाती सापडलेला दुसरा रॉबिन जगावा की मरावा, हे वाचकांनी टेलिफोनवरून कळवायचे होते. ५,२७१ जणांनी त्याला जीवदान दिले, ५,३४३ जणांनी मृत्यू. बहात्तर मतांनी एक पोर मेले. फोन करणाऱ्यांतील कोणी खुनी नव्हता. आमच्या कचेरीतही, एखाद्या भीषण गुन्ह्याची बातमी येते त्या दिवशी चहाच्या दोन घोटांच्या मध्ये कितीतरी फाशीची हुकूमनामे निघतात. ती काढणारी माणसे एरवी मुंगीलाही वाट देणारी असतात.

हे मी बोललो तेव्हा शेजाऱ्यांचे हसू मावळले. काही वेळ ते कपाकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "माझ्या धाकट्या भावाचा खून झाला होता. तुम्हांला ठाऊक नसेल."

मला ठाऊक नव्हते. खुन्याला जन्मठेप झाली होती. घरी रोज संध्याकाळी माळेची प्रार्थना होई. गेलेल्या मुलासाठी प्रार्थना झाली की त्यांची आई त्या खुन्याचेही नाव घेई. एकदा थोरल्या बहिणीने संतापून विचारले, "आई, त्याचे कशाला?" आई म्हणाली, "त्याचे दुसरे कोण घेणार?"

"आणि तुम्ही?" मी विचारले.

"मी तेवढ्यापुरते ओठ मिटून घेत असे," ते म्हणाले. "आई गेली. नाव अजून माझ्याच्याने घेववत नाही. ग्रंथातले कलम मला पटते हो. ओठांना पटत नाही."

त्यानंतर जोकरचा विषय निघाला नाही. पण मला एक गोष्ट उमगली. जोकरला फाशी नाही याचे कारण दया नव्हे, खप आहे. आणि ज्या कारणाने तो मरत नाही, त्याच कारणाने तो सुधारतही नाही. पश्चात्तापाचे दार त्याच्यासाठी प्रकाशकांनीच लावून घेतले आहे. १९८१ साली ज्याने गोळी झाडली, त्या आग्जाला भेटायला दुसरे जॉन पॉल १९८३ च्या डिसेंबरात तुरुंगात गेले आणि त्याच्याशेजारी बसून हलक्या आवाजात बोलले. अशी भेट जोकरच्या नशिबी नाही; कारण तो उद्या काय करणार हे आधीच ठरलेले आहे.

जिवंत माणसाविषयी मात्र ते ठरलेले नसते. वर्तमानपत्रातले छायाचित्र पाहून 'हा असाच' असे आपण म्हणतो, तेव्हा त्याला आपण चित्रकथेत नेऊन बसवितो. ती म्हातारी बाई रोज संध्याकाळी एका माणसाला तेथून बाहेर काढीत होती. तिच्या मुलाला ते जमले नाही, आणि त्याच्या जागी मी असतो तर मला जमले असते असे म्हणण्याचे धैर्य माझ्यात नाही.