येलदरीहून श्टुटगार्टला

महाराष्ट्रात पूर्णा नावाची नदी एकच नाही. वऱ्हाडातली पूर्णा पश्चिमेला वाहत जाऊन तापीला मिळते. मी सांगतो आहे ती दुसरी. अजिंठ्याच्या डोंगरांत उगम पावणारी, मराठवाड्याची काळी माती कापत येणारी आणि शेवटी गोदावरीला मिळणारी. परभणी जिल्ह्याच्या जिंतूर तालुक्यात टेकड्या जवळ येतात, त्या ठिकाणी तिला अडवून धरण बांधले आहे. ते येलदरी. १९६८ साली हे काम पुरे झाले. चार किलोमीटरांहून लांब भिंत, पायथ्याशी साडेसात मेगावॅटचे तीन संच असलेले वीजकेंद्र, आणि खाली नदीच्याच वाटेवर सिद्धेश्वरचे दुसरे धरण. एवढी माहिती कोणत्याही सरकारी पुस्तिकेत मिळेल. जी मिळणार नाही ती अशी, की येलदरीला चांगल्या पावसानंतर अवश्य जावे, भिंतीवरून संध्याकाळी पाणी पाहावे, आणि मुक्काम मात्र ओळखीच्या घरीच करावा.

परभणी स्टेशनावर उतरून एस. टी. धरली की झरी, बोरी अशी गावे मागे टाकीत गाडी जिंतूरला येते. तोवर दोन्ही बाजूंना सपाट रान; कापूस, सोयाबीन, तूर. जिंतूरजवळ नेमगिरीच्या डोंगरातली जैन लेणी पाहायला म्हणून लोक थांबतात. पुढे रस्ता चढ-उतारांना लागतो. सागाची नि पळसाची झाडे दिसू लागतात, आणि एका वळणावर अकस्मात समोर पाणी उभे राहते. समुद्र न पाहिलेल्या माणसाने तेथे समुद्राची कल्पना करून घ्यायला हरकत नाही.

माझे थोरले बंधू उमेदवारीत असताना येथल्या वीजकेंद्रात लागले आणि निवृत्त झाल्यावरही येथेच घर बांधून राहिले. आम्ही पुण्याची मंडळी त्यांना हसत असू. त्यांच्या धाकट्या लेकीचे, म्हणजे माझ्या पुतणीचे, लग्न गेल्या वर्षी मे महिन्यात येलदरीतच झाले. मुलगा नांदेडकडचा, जर्मनीत श्टुटगार्टला अभियंता. रजा मिळाली होती मोजून सोळा दिवस. त्यांतले आठ साखरपुडा, हळद, लग्न आणि देवदर्शन यांत गेले. उरलेल्या आठांची ही हकीकत.

लग्न लागले म्हणजे झाले, अशी आपली समजूत असते. चारशे माणसांनी अक्षता टाकल्या, अग्नीभोवती सात पावले पडली, आणि १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यानेही सप्तपदी पुरी झाली की विवाह पुरा झाला असेच म्हटले आहे. पण व्हिसाच्या खिडकीतल्या माणसाने त्या अक्षता पाहिलेल्या नसतात. त्याला हवा असतो सरकारी दाखला. महाराष्ट्रात तो १९९८ च्या विवाह नोंदणीच्या कायद्याखाली मिळतो. वधू किंवा वर जेथे राहतो तेथल्या निबंधकापुढे दोघांनी जातीने हजर राहायचे, तीन साक्षीदार न्यायचे, ‘नमुना ड’ भरायचा. ज्या पुरोहिताने लग्न लावले त्याची सही घ्यायची. मग ‘नमुना ई’ म्हणून जो कागद हाती येतो तो विवाहाचा दाखला. खेड्यात हा निबंधक म्हणजे ग्रामसेवक. सरकार आता त्यांना ग्रामपंचायत अधिकारी म्हणते. गाव अजून ग्रामसेवकच म्हणते, आणि त्यांची त्याला काही हरकत दिसली नाही.

कायद्याने मुदत नव्वद दिवसांची आहे. पण जावयाचे विमान आठवड्याने होते, आणि जातीने हजर राहण्याची अट विमान ओळखत नाही. या आठ दिवसांत सही झाली नाही तर पुढची रजा येईपर्यंत दाखला नाही, दाखला नाही तर व्हिसा नाही, आणि नवी नवरी सासरीही नाही नि माहेरचीही नाही अशी येलदरीच्या ओट्यावर बसून राहणार. म्हणून मला थांबवून घेतले. मराठीचा प्राध्यापक कागद लिहिण्याच्या कामी येईल असा दादांचा हिशोब होता.

ग्रामसेवकांकडे तीन गावांचा कारभार. येलदरीचा त्यांचा वार आम्हांला दुसऱ्या दिवशीच मिळाला, पण गुरुजी मिळेनात. लग्नसराईचे दिवस, ते पुसदकडे दुसरे लग्न लावायला गेलेले. भाच्याने मोटारसायकल काढली आणि तिकडच्या मांडवात, दोन मंगलाष्टकांच्या मधल्या फटीत, त्यांची सही आणि आधारकार्डाची नक्कल घेऊन रात्री परत आला. तीन साक्षीदारांत एक दादांचे जुने सहकारी होते. सही करताना त्यांचा हात थरथरला. ते म्हणाले, “मास्तर, आमच्या लग्नाचा कागद कुनी इचारला न्हाई बगा. चाळीस वर्सं झाली, संसार निभला. आता लेकराच्या लग्नाला तीन साक्षीदार लागालेत.”

त्यांचे म्हणणे चूक नव्हते, पण काळ बदलला आहे. २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने सर्व धर्मांच्या विवाहांची नोंदणी सक्तीची करा असे राज्यांना सांगितले, ते प्रामुख्याने बायकांच्या हिताकडे पाहून. परदेशात दिलेल्या मुलींचे हाल आपण वर्तमानपत्रांत वाचतोच. नवरा एकटाच विमानात बसतो, पत्ता बदलतो, आणि मुलीजवळ लग्नाच्या फोटोंखेरीज काही नसते. अनिवासी भारतीयांचे विवाह तीस दिवसांत नोंदवलेच पाहिजेत असे एक विधेयक २०१९ साली राज्यसभेत मांडले गेले. त्याचा कायदा झाला नाही. विधी आयोगाने २०२४ मध्ये या विषयावर पुन्हा अहवाल दिला. आमच्या वहिनी विधी आयोगाचा अहवाल वाचीत बसल्या नव्हत्या. त्यांनी साखरपुड्याआधीच जावयाचा पासपोर्ट, तिकडचा राहण्याचा परवाना आणि नोकरीचे पत्र यांच्या नकला मागून घेतल्या होत्या. दादा ओशाळले होते. वहिनी म्हणाल्या होत्या, “लेक द्यायची तर त्यांनी आपलं घर पाहिलं, आपण त्यांचे कागद पाहू. त्यात लाजायचं काय?” मुलाच्या वडिलांनी नकला हसत दिल्या. स्थळ चांगले आहे हे मला तेव्हाच पटले.

खरी अडचण नावांची निघाली. आपल्याकडे लग्नात ताटात तांदूळ पसरून त्यांत अंगठीने सुनेचे नवे नाव लिहितात. नांदेडच्या मंडळींनीही लिहिले. म्हणजे मुलीला पाळण्यातले एक नाव, तांदळातले दुसरे. पासपोर्टावर वडिलांचे आडनाव, आणि सासूबाईंची इच्छा अशी की दाखल्यावर तांदळातले नाव नि नवे आडनाव यावे. ग्रामसेवक शहाणे. त्यांनी लेखणी खाली ठेवली आणि सासूबाईंना म्हणाले, “आई, पासपोर्टावर जे हाय तेच लिवू. घरात तुम्ही कशीबी हाक मारा.” दाखल्यावर पासपोर्टाचेच नाव, त्याच वर्णांत, गेले. परदेशी मुलगी देणाऱ्या प्रत्येक घराने हे लक्षात ठेवावे. आडनावाच्या इंग्रजी लेखनात एका कागदावर एक ‘ए’ आणि दुसऱ्यावर दोन आले, की तिकडच्या अधिकाऱ्याच्या दृष्टीने त्या दोन निराळ्या बायका होतात. नाव बदलायचेच असेल तर व्हिसाचे सगळे उरकल्यावर सावकाश बदलावे.

जन्मदाखल्याची गंमत याहून निराळी. मुलगी १९९७ साली हिंगोलीच्या दवाखान्यात जन्मली. तेव्हा हिंगोली परभणी जिल्ह्यात होती, म्हणून दाखल्यावर ‘जिल्हा परभणी’. १ मे १९९९ ला हिंगोली स्वतंत्र जिल्हा झाला, म्हणून पासपोर्टावर ‘हिंगोली’. दोन्ही कागद खरे, आणि दोन्हींत मेळ नाही. येलदरीहून नदीपलीकडे बोट दाखविले तर ते हिंगोली जिल्ह्यात जाते, हे येथल्या पोरालाही ठाऊक. मुंबईतल्या जर्मन कचेरीला ते कसे ठाऊक असावे? या भागाचे हे जुनेच दुखणे आहे. माझे वडील निजामाच्या हैदराबाद संस्थानात जन्मले, १९५६ साली द्विभाषिक मुंबई राज्यात गेले, १९६० ला महाराष्ट्रात आले, आणि या काळात त्यांनी राहते घर एकदाही सोडले नव्हते. त्यांच्या पेटीतले काही कागद उर्दूत, फसली सनाचे. शिवाय धरणाच्या पाण्याखाली गावे गेली. तेथल्या माणसांना कोणी जन्मगाव विचारले तर ते पाण्याकडे हात करतात. असा पत्ता कोणत्या रकान्यात लिहावा?

मी एक प्रतिज्ञापत्र मराठीत आणि इंग्रजीत लिहून काढले. जिल्हा विभागला गेल्याची तारीख त्यात घातली, जिंतूरला नोटरीकडून शिक्का घेतला. तेवढ्याने भागले.

पुरावा म्हणून लग्नपत्रिकेचा इंग्रजी तर्जुमा जोडायचा होता. तोही माझ्याकडे आला, आणि वीस वर्षे वाङ्मय शिकवून मला जो घाम फुटला नव्हता तो तेथे फुटला. ‘आमचे येथे श्रीकृपेकरून’ हे कसेबसे इंग्रजीत नेले. ‘चि. सौ. कां.’ हे मुलीच्या नावाचा भाग नव्हे हे कंसात समजावून सांगावे लागले; नाहीतर तीन नवी नावे तिला चिकटली असती. खाली चिमुकल्यांच्या नावाने ‘आमच्या मावशीच्या लग्नाला यायचं हं’ असे छापले होते. ते गाळावे की ठेवावे? मी ठेवले. खाडाखोड केल्याचा संशय नको.

जावई विमानात बसले तेव्हा दाखला त्यांच्या हाती होता. पुढचा मार्ग देशागणिक वेगळा असतो, हे पुष्कळांना माहीत नसते आणि दलाल लोक नेमका त्याचाच फायदा घेतात. १९६१ च्या हेगच्या करारात जे देश आहेत त्यांच्यासाठी आपल्या परराष्ट्र खात्याचा ‘अपोस्टिल’ नावाचा शिक्का पुरतो. भारत त्यात २००५ पासून आहे, कॅनडा २०२४ ला आला. संयुक्त अरब अमिराती त्यात नाही, तेव्हा दुबईला जाणाऱ्याने त्यांच्या वकिलातीचाही शिक्का घ्यावा. जर्मनी करारात आहे, पण भारताच्या प्रवेशाला तिने हरकत घेतली, त्यामुळे आपला अपोस्टिल तेथे चालत नाही. एका दलालाने दादांना तोच शिक्का भरपूर पैशांत देऊ केला होता! जर्मन लोकांची रीत अशी, की शंका वाटल्यास ते आपल्या विश्वासातल्या वकिलाकडून कागदांची जागेवर जाऊन तपासणी करवितात. मुलगी कोठे राहते, कोठे शिकली, शेजारी कोण, हे सारे लिहून द्यावे लागते. जावई तिकडच्या ‘निळ्या कार्डा’वर असल्याने बायकोला जर्मन भाषेच्या परीक्षेची सक्ती नव्हती. तरी पोरगी पुण्यात माझ्या घरी राहून तीन महिने मॅक्समुल्लर भवनात जाऊन आली. नवऱ्याशी मराठीत बोलेन, पण दुकानदाराशी काय बोलू, असे तिचे म्हणणे. ते मला मानावेच लागले.

श्रावणात वकिलाचा माणूस येलदरीला येऊन गेला. दादांच्या घरी तो शेवटी आला. आधी ग्रामपंचायतीत जाऊन नोंदवही पाहिली, मग शाळेत गेला, मग धरणाच्या वाटेवरच्या हॉटेलात चहा घेत सहज विचारावे तसे त्याने विचारले, की अमक्यांच्या मुलीचे लग्न येथेच झाले का? हॉटेलवाल्याने तारीख सांगितली नाही. ती त्याला आठवत नव्हती. त्याने जेवणाचा बेत सांगितला. बुंदी, वांग्याची भाजी, पुरी, मसालेभात, आणि मठ्ठा शेवटच्या पंगतीला पातळ झाला होता हेही. नवरदेवाचा घोडा भिंतीवरच्या वाऱ्याने बिथरला तो कोणी आवरला, वरात किती वाजता निघाली, वीज केव्हा गेली! शेजारच्या बाकावरच्या दोघांनी त्यात भर घातली. त्या गृहस्थांनी वही काढून बरेच काही लिहून घेतले, असे हॉटेलवाला अजून अभिमानाने सांगतो. चहाचे पैसे त्याने घेतले नाहीत.

व्हिसा आश्विनात आला. ती मुंबईहून गेली तेव्हा विमानतळावर आम्ही नऊ माणसे होतो. वहिनींनी विवाहाच्या दाखल्याच्या तीन प्रती सहीशिक्क्यानिशी काढून घेतल्या होत्या. एक जावयाकडे आहे, एक लेकीच्या हातपिशवीत गेली. तिसरी येलदरीच्या घरी लोखंडी कपाटात, दादांच्या नेमणुकीच्या हुकमाखाली आहे, आणि त्या कपाटाची किल्ली वहिनींच्या कमरेला आहे.