लाल दिव्याची टोपी

काल धुळ्याहून ताईचा फोन. "भाऊ, तुझी ती लाल लाइटवाली टोपी पाठव ना. पोरीचे केस मूठमूठ गळताहेत." भाचीला अडीच महिन्यांपूर्वी डेंग्यू झाला होता.

खरं सांगतो, टोपी मी हप्त्यावर घेतलीय. जळगावच्या घरात पाच महिने एक दिवसाआड डोक्यावर. टाळूवर थोडी लव आलीय, बस्स. अगदीच भोंदूगिरी नाही ही. १९६७ साली बुडापेस्टच्या एन्ड्रे मेस्टर यांनी उंदरांवर लेसर सोडला, तर भादरलेले केस लवकर उगवले. २००७ ला अमेरिकेच्या एफडीएने लेसरच्या कंगव्याला मंजुरी दिली. पण ती आनुवंशिक टकलासाठी. वापर थांबला की पुन्हा गळती.

तापानंतरची गळती वेगळी. दोन-तीन महिन्यांनी सुरू होते, बहुतेकांची आपोआप थांबते. श्रेय मात्र टोपीने खाल्लं असतं!

शेजारच्या बुलढाण्यात, शेगाव तालुक्यात, जानेवारी २०२५ मध्ये गावोगाव लोकांना अचानक टक्कल पडू लागलं. तिथे टोप्या वाटून काय झालं असतं? आयसीएमआरचं पथक आलं, नमुने घेतले. डॉ. हिंमतराव बावस्करांनी रेशनच्या गव्हातल्या सेलेनियमकडे बोट दाखवलं.

ताईला म्हटलं, आधी हिरे मेडिकलला जा, केसपेपर काढ. टोपी कुठे पळून जात नाही.

आणि मित्रांनो, गावात चार-पाच जणांचे केस एकदम गळू लागले, तर ऑनलाइन ऑर्डर नको. आधी आरोग्य केंद्राला कळवा. मग आम्हा पत्रकारांनाही.