करारसाहेब, तुम्हाला कुणी विचारलं का?

मा. त्रिपक्षीय करार (जन्म : काठमांडू, ९ नोव्हेंबर १९४७) यांस,

सा. न. वि. वि.

पत्रास कारण की, बऱ्याच दिवसांत तुमची खुशाली कुणी विचारलेली नाही. ब्रिटन, भारत आणि नेपाळ या तुमच्या तीन पालकांपैकी ब्रिटन आपल्या गोरखा पलटणींसाठी अजून नेपाळात पोखऱ्याला पोरं निवडतं. पाठीवर वाळूने भरलेली डोको म्हणजे टोपली, कपाळावर तिचा पट्टा, आणि समोर नुसता चढ. त्यावर पोरं धावतात. भारताची नेपाळमधली गोरखा भरती मात्र कोविडमध्ये थांबली, ती थांबलीच. भांडण नाही, काडीमोड नाही, पण एक चूल विझली आहे.

तुमचा जन्मच वाटणीतला. इंग्रज निघाले तेव्हा दहा गोरखा रेजिमेंटपैकी सहा भारताकडे राहिल्या, चार त्यांनी नेल्या. नेपाळचे पंतप्रधान पद्म शमशेर यांनी तेव्हा बजावलं होतं की आमच्या जवानांना तुमच्या इतर पलटणींच्या बरोबरीने वागवा, म्हणजे ‘भाडोत्री’ हा डाग कायमचा पुसला जाईल. भारताने तो शब्द पाळला, याबद्दल आभार मानायलाच हवेत. बढत्या दिल्या, पेन्शन दिलं. पोखरा आणि धरानला पेन्शनची कार्यालयं थाटली. आम्हा मराठी लोकांना हे कुठलं ठाऊक! आमचा गुरखा म्हणजे रात्री फाटकावर काठी आपटणारा आणि महिन्याच्या सुरुवातीला दहा-वीस रुपयांसाठी दारात उभा राहणारा. तो कुठल्या गावचा, हे आम्ही कधी विचारलं नाही.

आता तक्रार. जून २०२२ मध्ये दिल्लीने अग्निपथ ही सैन्यभरतीची योजना आणली. चार वर्षं नोकरी, मग शेकडा पंचवीस जण कायम, बाकीचे घरी. फौज तरुण होईल, पेन्शनचा बोजा उतरेल. दिल्लीचा हिशेब दिल्लीपुरता बरोबर. पण काठमांडूने १९९६ ते २००६ माओवादी बंड सोसलंय. बंदूक चालवायला शिकलेली पोरं पंचविशीच्या आसपास रिकाम्या हाताने गावी परतली तर काय, ही त्यांची धास्ती खोटी कशी म्हणायची? शिवाय तीन सह्यांचा कागद एकाने परस्पर बदलावा का? ऑगस्टमध्ये नेपाळने कळवलं की ही योजना तुमच्यात बसत नाही. खरं सांगायचं तर तेही धुतल्या तांदळाचे नाहीत. त्यांच्याच परराष्ट्रमंत्र्यांनी २०२० मध्ये तुम्हाला कालबाह्य ठरवलं होतं. आणि अडचण आली की तुमचाच आधार!

नेपाळच्या त्या ऑगस्टमधल्या निरोपानंतर महिनाभरात भारताचे लष्करप्रमुख काठमांडूला गेले. तिथल्या राष्ट्रपतींच्या हस्ते तलवार घेऊन नेपाळी सेनेचे मानद जनरल झाले. ही १९५० पासूनची रीत, जनरल करिअप्पांपासूनची. २०२४ च्या अखेरीस पुन्हा आमचे गेले, महिन्याभरात त्यांचे आले. मानपानात दोन्ही घरं तसूभर कमी पडत नाहीत. भरतीचं तेवढं कुणी मनावर घेत नाही.

तोवर पोरं थांबतात होय? कोणी आखातात गेला, कोणी मलेशियाला. काही तर रशियाच्या फौजेत शिरून युक्रेनच्या लढाईत मेले. जानेवारी २०२४ मध्ये नेपाळला त्या दोन्ही देशांसाठीचे कामाचे परवाने थांबवावे लागले. जो डाग पुसण्याची भाषा तुमच्या जन्मवेळी झाली, तो असा परक्या बर्फात पुन्हा लागतो आहे.

तेव्हा विनंती एवढीच. तुम्ही म्हातारे झालात हे कबूल करा आणि स्वतःच दुरुस्तीला तयार व्हा. दिल्लीने गोरख्यांपुरती चार वर्षांची अट सैल करावी. काठमांडूने हवं ते कलम उघडपणे मागावं, नको असलेलं उघडपणे नाकारावं. पुढचा मानद जनरल तलवार घ्यायला येईल, तेव्हा समारंभाआधी दोन्ही बाजूंना एका खोलीत बसवा आणि तुमचा कागद टेबलावर ठेवा.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक मराठी शेजारी